रामटेकरीचा राजा

बिंबाजी भोसल्याविषयी रायपुरात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत तो देवभक्त राजा असतो. रतनपूरच्या रामटेकरीवर त्याने राममंदिर बांधले, दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने वाटण्याची चाल त्याने या मुलखात आणली, मोडी लिपी आणि मराठी बोली त्याच्या दरबाराबरोबर इथे आली. त्याच मोहल्ल्यातल्या छत्तीसगढी शेजाऱ्याला विचारा. तो म्हणेल, मराठे आले, आमच्या राजाला उठवले, वसुली केली आणि गेले. भांडण होत नाही, कारण विषय निघतच नाही. निघाला तर दोघेही आपापल्या वाटणीचा बिंबाजी घेऊन घरी जातात.

मला या दोन बिंबाजींना एका पानावर आणायचे आहे.

आधी तो इथे आला कसा ते पाहू. १७४१ मध्ये नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्याचा सरदार भास्करपंत कोल्हटकर ओडिशा-बंगालच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा रतनपूर वाटेत होते. तिथे हैहयवंशी रघुनाथसिंग गादीवर होता. म्हातारा, आणि एकुलत्या एक मुलाच्या मृत्यूने खचलेला. भास्करपंताच्या तोफांनी वाड्याचा काही भाग पाडला, तेव्हा तटावर पांढरे निशाण चढवले ते राण्यांपैकी एकीने, असे सांगतात. राजाने लढाई दिलीच नाही म्हटले तरी चालेल. शहरावर एक लाख रुपये दंड बसला, रघुनाथसिंगाला भोसल्यांच्या नावाने राज्य करायला ठेवले, आणि कल्याणगीर नावाचा गोसावी देखरेखीला बसवून फौज पुढे गेली. पुढे १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करपंताला भेटीला बोलावून मारले. ती बातमी कानी येताच रघुनाथसिंगाने कल्याणगिराला कैदेत टाकले. शतकानुशतके चालत आलेल्या राजवंशाचा तो शेवटचा ताठा. १७४५ मध्ये रघूजी जातीने आला आणि त्याने रघुनाथसिंगाला काढून त्याच कुळातल्या मोहनसिंगाला बसवले.

म्हणजे छत्तीसगढ मराठ्यांना हवे होते ते रस्ता म्हणून. नागपुराहून रायपूर, तिथून सारंगगढ, संबलपूर आणि पुढे कटक. १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आला आणि बंगालची बारा लाखांची चौथाई ठरली, तेव्हा हा रस्ता आणखी मोलाचा झाला. रस्त्याच्या कडेच्या गावांचे काय व्हायचे याचा विचार रस्ता वापरणारी फौज करत नाही. बिंबाजीच्या आधीची ही सतरा वर्षे त्याच्या खात्यावर लिहू नयेत, पण ती विसरून त्याचे खाते उघडताही येत नाही.

१७५५ मध्ये रघूजी वारला. मागे चार मुलगे. जानोजीने नागपूर घेतले, मुधोजीला चांदा मिळाले, साबाजीला वऱ्हाडातले दारव्हे, आणि बिंबाजीच्या वाट्याला छत्तीसगढ आले. चौघांत सर्वांत लांबचा आणि नागपूरकरांच्या नजरेत सर्वांत रानटी तुकडा. मोहनसिंग अडवायला सज्ज झाला होता म्हणतात, पण आजारी पडून वारला. १७५८ मध्ये बिंबाजी रतनपुरात बसला तो १७८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

हे 'तिथेच राहिला' फार महत्त्वाचे आहे. नागपूरच्या गादीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठले. जानोजी गेल्यावर मुधोजी आणि साबाजी यांच्यात झुंज लागली आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी ठार झाला. अशा घरातल्या मुलाने दूरचा प्रांत कारभाऱ्यांवर सोपवून स्वतः नागपुरात डाव खेळत बसणे अगदी स्वाभाविक होते. बिंबाजीने तसे केले नाही. त्याने रतनपुरात स्वतःचा दरबार भरवला, स्वतःची फौज आणि मंत्री ठेवले, न्यायनिवाड्याची सोय केली. नावाला नागपूरचा ताबेदार, प्रत्यक्षात रतनपूरचा राजा. रतनपूर आणि रायपूर ही हैहयांच्या दोन शाखांची राज्ये त्याच्या हाताखाली एकत्र आली. आज आपण ज्याला छत्तीसगढ म्हणतो, त्याची राजकीय घडण यात आहे. हे त्याचे यश, आणि ते लहान नाही.

रामटेकरीचे मंदिरही याच मुक्कामातले. नागपूरच्या माणसाला टेकडीवर राम पाहायची सवय असते. रामटेक जवळच आहे. रतनपूर तर महामायेचे गाव, शक्तीचे ठाणे. तिथे टेकडीवर रामपंचायतन बसवणे म्हणजे घरची आठवण दगडात उभी करणे, आणि त्याचबरोबर हे गाव आता कोणाचे ते खालच्या लोकांना रोज मान वर करून पाहायला लावणे. दोन्ही हेतू एकाच वेळी खरे असू शकतात. मंदिरात बिंबाजीची मूर्तीही आहे. देवाच्या दारात राजाची मूर्ती पाहिली की मला भक्ती आणि हक्क यांची सीमा कुठे आहे ते नीट कळत नाही.

इथे मला एक दूरचा राजा आठवतो. दूरचा म्हणजे प्रदेशाने. मराठीला तो अनोळखी नाही. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांनी, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मग्रंथातल्या कथा चक्क मराठी कीर्तनांत बसवल्या. दावीद आणि शलमोन हे राजे त्या ग्रंथातले. शलमोनानेही टेकडीवर मंदिर बांधले, यरुशलेमेत. त्यालाही गादी मिळाली ती भावाला बाजूला सारून. त्याच्या शहाणपणाच्या गोष्टी जगभर गेल्या. पण ज्या ग्रंथात त्याच्या मंदिराच्या सोन्याचे आणि देवदाराचे पानेच्या पाने वर्णन आहे, त्याच ग्रंथात, मध्ये पानही न उलटता, हिशेब येतो: देवाच्या घराला सात वर्षे लागली, राजाच्या घराला तेरा. तीस हजार माणसे वेठीला धरून, दहा-दहा हजारांच्या पाळीने, महिना-महिना लबानोनात लाकूड तोडायला पाठवली. देशाचे बारा वाटे केले आणि प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजाचा मुदपाकखाना चालवायचा. सोराचा राजा हीराम याला गालीलातली वीस गावे देऊन टाकली.

शलमोनाच्या काळचा, त्याचे नाव असलेला एकही शिलालेख आजवर सापडलेला नाही. मंदिर किती मोठे होते, राज्य किती पसरले होते, यावर पुरातत्त्वज्ञ भांडत असतात. ते भांडण महत्त्वाचेच आहे, पण माझे लक्ष दुसरीकडे जाते. ही कथा लिहून ठेवणारे लोक त्याच राजाच्या वंशाला आपला मानणारे होते. तरी त्यांनी वेठबिगार लपवली नाही. आपल्याकडे यशाची बखर एक माणूस लिहितो आणि अपयशाची दुसरा, बहुधा शत्रू. बिंबाजीचे तेच झाले. त्याचा गौरव मंदिराने आणि चालीरीतींनी जपला. त्याचे दोष लिहिले ते १८५४ नंतर हा मुलूख खालसा करून बसलेल्या इंग्रजांनी. चिझमसारख्या अधिकाऱ्यांच्या १८६० च्या दशकातल्या जमाबंदीच्या अहवालांत मराठी अंमल म्हणजे ओरबाडणे, असाच सूर आहे. नव्या धन्याला जुन्या धन्याची कागदपत्रे वाचताना त्यात जुलूम दिसणे सोयीचे असते. पण सोयीचे म्हणून ते खोटे ठरत नाही.

तर वसुलीचे पाहू. हैहयांच्या वेळची मांडणी गढांची होती. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गढ, दक्षिणेला अठरा. एका गढात चौऱ्याऐंशी गावे, त्यावर दिवाण, गढाच्या पोटात बारा-बारा गावांचे बरहों, त्यावर दाऊ, गावात गौंटिया. कागदावरचे हे आकडे सगळीकडे जुळत असतील असे नाही, पण कल्पना कळते. सत्ता वरून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर त्याच मातीतला, बहुधा राजाच्या नात्यागोत्यातला माणूस उभा होता. तो काही संत नव्हता, पण दुष्काळात त्याला त्याच गावात तोंड दाखवायचे होते. मराठी अंमलात ही मधली फळी ढासळली. जमीनदारांकडून टकोली, शेती न करणाऱ्या घरांवर पंढरी, दारूवर कलाली, मालाच्या ये-जा करण्यावर सायर, अशी वसुलीची नावे पक्की झाली आणि ती गोळा करणारी माणसे नागपूरच्या वळणाची. बिंबाजीने काही जमीनदाऱ्या नव्यानेही बांधल्या. राजनांदगाव आणि खुज्जीचे नाव त्यात घेतात. ज्याला दिले तो राजाचा उपकृत झाला. ज्याचे गेले, त्याचे काय?

ज्याचे गेले अशा एकाची हकीकत रायपूरची आहे आणि मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. रायपूर शाखेचा अमरसिंग १७४१ च्या धामधुमीत सुटला होता. १७५० मध्ये त्याच्याकडून राज्य काढून घेतले, आणि रायपूर, राजिम, पाटण हे तीन परगणे वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या बोलीवर त्याच्याकडे ठेवले. १७५३ मध्ये तो वारला. मुलगा शिवराजसिंग तेव्हा तीर्थयात्रेला गेलेला. तो परत येईपर्यंत सगळे जप्त. पुढे १७५७ मध्ये बिंबाजीने या शिवराजसिंगाला बडगाव आणि आणखी चार गावे सारामाफ दिली, आणि रायपूर परगण्यातल्या दर गावामागे एक रुपया घेण्याचा हक्क दिला.

दर गावामागे एक रुपया. याला औदार्य म्हणावे का? दावीदाने शौलाचे राज्य आपल्याकडे आल्यावर शौलाचा लंगडा नातू मफीबोशेथ याला जमिनी परत दिल्या आणि स्वतःच्या पंक्तीला बसवले. वाचणाऱ्याचे मन भरून येते. मग लक्षात येते की जुन्या घराण्याचा वारस रोज आपल्या ताटासमोर बसलेला असणे नव्या राजाला किती सोयीचे. शिवराजसिंगाचा रुपयाही तसाच. गावोगाव लोकांना कळत राहणार की जुने धनी अजून आहेत आणि ते कोणाच्या मेहेरबानीवर आहेत. तरीही मी बिंबाजीला याचे श्रेय देईन. अठराव्या शतकात पदच्युत राजपुत्रांचे याहून वाईट काय काय होत असे ते आपण जाणतो. त्याने डोळे काढले नाहीत, कैदेत घातले नाही. पोटाला दिले.

ज्यांना कोणत्याच दरबारात जागा नव्हती त्यांच्याविषयी बिंबाजीच्या यशाच्या यादीत काही नाही. तो रतनपुरात बसण्याच्या दोन वर्षे आधी, १७५६ मध्ये, गिरौदपुरीत घासीदास जन्मला. चर्मकार समाजातल्या, शेतात राबणाऱ्या घरातला हा मुलगा बिंबाजीच्या पूर्ण कारकिर्दीत लहानाचा मोठा झाला. पुढे १८२० च्या सुमाराला त्याने सतनामाचा उपदेश केला: जात मानू नका, मूर्ती पुजू नका. राजाने टेकडीवर मूर्ती बसवली, आणि त्याच्याच राज्यात वाढलेल्या माणसाने मूर्तीच नको म्हटले. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण बिंबाजीच्या काळात या मुलखात काय काय घडत होते याची यादी करायची तर रामटेकरीइतकेच गिरौदपुरीचे नाव त्यात यायला हवे, आणि आमच्या मराठी मंडळातल्या भाषणांत ते येत नाही.

१७८७ मध्ये बिंबाजी गेला. त्याच्या राण्यांपैकी उमाबाई रतनपुरात सती गेली. सतीच्या कथा त्या गावाला नव्या नव्हत्या. हैहय राजा लक्ष्मणसाही याच्या वीस राण्यांच्या नावाने वीस दारांचे स्मारक तिथे दाखवतात. मराठी राजा रतनपूरचा झाला याचा पुरावा म्हणून काही जण उमाबाईच्या चितेकडे बोट दाखवतात. मला तो पुरावा नको वाटतो. दुसरी राणी आनंदीबाई जिवंत राहिली, रतनपुरातच राहिली, आणि नागपूरने नेमलेल्या सुभेदारांना तिची दखल घ्यावी लागेल इतका वचक तिने काही वर्षे टिकवला. नवऱ्याचा दरबार तिने आपल्या परीने धरून ठेवला. लोककथेत मात्र तिला उमाबाईच्या पासंगालाही जागा नाही.

प्रांत गेला पुतण्याकडे. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीने तो आपला भाऊ व्यंकोजी याला दिला. व्यंकोजीने बिंबाजीसारखे रतनपुरात घर केले नाही. तो नागपुरात राहिला, काशीला गेला, तिथेच १८११ मध्ये वारला, आणि छत्तीसगढचा कारभार सुभेदार पाहू लागले. महिपतराव दिनकर, मग विठ्ठल दिनकर. या विठ्ठल दिनकराने १७९० पासून छत्तीस गढांची जुनी मांडणी मोडून सत्तावीस परगणे केले आणि प्रत्येकावर कमाविसदार बसवला. कागदावर पाहिले तर सुटसुटीत. पुढे सुभ्याची जागा ठरावीक रक्कम भरण्याच्या बोलीवर मिळू लागली. जास्त बोली बोलणाऱ्याला प्रांत मिळणार, आणि बोलीचे पैसे तो कमाविसदाराकडून, कमाविसदार गौंटियाकडून, गौंटिया कुळाकडून काढणार. मुदत किती ते माहीत नाही, म्हणून जे काढायचे ते यंदाच.

शलमोनानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमास गेला, तेव्हा लोकांनी त्याला एकच गोष्ट मागितली: तुझ्या बापाने लादलेले ओझे थोडे हलके कर. म्हाताऱ्या सल्लागारांनी ऐक म्हटले, बरोबरीच्या तरुणांनी उलट. रहबामाने तरुणांचे ऐकले आणि बापापेक्षा कडक होण्याची धमकी दिली. दहा वंश यराबामामागे निघून गेले. वसुलीवरचा अधिकारी अदोराम समजूत घालायला गेला, त्याला लोकांनी दगडांनी ठेचले. राज्य फुटले ते रहबामाच्या तोंडाळपणाने, असे वरवर दिसते. पण ओझे बापाचे होते, आणि बापाच्या हयातीत लोकांनी ते उचलले त्याचे कारण त्याचा दरारा आणि त्याची शान.

बिंबाजीला मी याच मापाने मोजतो. तो चांगला होता असे मानायला जागा आहे, निदान शेवटच्या वर्षांत लोकांना त्याची सवय आणि थोडी मायाही लागली असावी. पण त्याचा चांगुलपणा त्याच्या रतनपुरात असण्यावर उभा होता. तक्रार घेऊन आलेल्या गौंटियाला राजा भेटत असे. भेटण्याची ही सोय राजाबरोबर संपली. एकोणतीस वर्षे हातात असताना त्याने जुनी फळी जागेवर ठेवली नाही आणि नवी उभारली नाही. दिवाण आणि दाऊ यांच्या जागी काय येणार याचे उत्तर तो गेल्यावर विठ्ठल दिनकराने दिले. पुढच्या सुभेदारांची पापे बिंबाजीच्या माथी मारू नयेत असे आमच्यातले काही जण म्हणतात. बरोबर आहे. पण ज्या दारातून ते आत आले ते उघडे कोणी ठेवले, हे विचारायला हवे.

त्यात आणखी एक गोष्ट. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने ओडिशा इंग्रजांकडे गेला. रस्त्याच्या टोकाचे कटकच गेले तेव्हा छत्तीसगढ भोसल्यांसाठी रस्ता राहिला नाही. उरली ती नुसती वसुली.

१८१८ मध्ये नागपूरच्या अप्पासाहेबाला इंग्रजांनी पदच्युत केले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने छत्तीसगढचा कारभार स्वतःकडे घेतला. आधी एडमंड्स, त्याच्या मागोमाग अॅग्न्यू अधीक्षक म्हणून आला. अॅग्न्यूने सत्तावीस परगण्यांचे आठ केले, पुढे त्यांचे नऊ झाले, आणि सुभ्याचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरात आणले. रायपूर तोवर व्यापाऱ्यांचे गाव म्हणून वाढत होतेच. नागपूरचा रस्ताही इथून सोयीचा. १८३० मध्ये कारभार तिसऱ्या रघूजीकडे परत गेला, पुन्हा मराठी सुभेदार आले, पण ते रतनपुरात गेले नाहीत. ते रायपुरातच बसले, आणि त्यांच्याबरोबर फडणवीस, पोतदार, कारकून, पुजारी, आचारी. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा यांतली बरीच घरे परत गेली नाहीत. त्यांच्या मोहल्ल्यात आज दसऱ्याला सोनपत्ती घेऊन छत्तीसगढी शेजारी येतात, आणि ती चाल बिंबाजीची की फार आधीपासूनची, यावर कोणी वाद घालत नाही. रतनपूर मात्र मागे पडले. तळी, महामाया, वीस दारांचे स्मारक आणि रामटेकरी एवढे घेऊन ते बिलासपूरच्या वाटेवर उभे आहे.